बियाण्याचे नारळ

मी आयुष्यभर आमच्याच गावच्या मराठी शाळेत शिकवलं. दापोलीहून खाली किनाऱ्याला उतरलं की आमचं गाव लागतं. वरच्या अंगाला आमचा मुसलमान मोहल्ला आणि खाली, होड्या लागतात तिथे, मच्छीमारांची वाडी. दोन्हीकडच्या पोरांना मीच पाढे शिकवले, म्हणून दोन्हीकडे मी बाईच. माझे दोघे भाऊ आखातात. मी लग्न केलं नाही. अम्मी-अब्बांचं म्हातारपण माझ्या हातून निघालं आणि ते गेल्यावर घर आणि घरामागचं आगर माझ्या नजरेखाली राहिलं. आगर म्हणजे आमची माडांची बाग, मागीलदारापासून थेट किनाऱ्याच्या पुळणीपर्यंत उतरलेली.

नारळ पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. आमचा पाडेली वाडीतला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायची. अब्बांच्या वेळेपासून आमचे माड तेच उतरवायचे. कमरेला कोयता, पायात काथ्याच्या दोरीचं कडं आणि बोलणं अगदी बेताचं. मोहल्ल्यातलं असो की वाडीतलं, गावातलं एकही आगर असं नव्हतं जिथले माड त्यांना माणसांसारखे ठाऊक नव्हते. कुठला माड कधी पोय, म्हणजे फुलोरा, काढतो, कुठल्याच्या नारळात पाणी जास्त, कुठल्यावर मुंग्या चावतात, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी चक्रीवादळ आलं. दुपारी आलं आणि काळोख पडायच्या आत निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं तर दारातून समुद्र दिसला. त्या दारातून तो पूर्वी कधीच दिसला नव्हता. मधले सगळे माड आडवे पडले होते, एकमेकांवर, एकाच दिशेला. उभे राहिलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. सबंध गावाचं तेच.

माड गेले म्हणजे आमचं काय गेलं हे बाहेरच्या माणसाच्या लगेच लक्षात येत नाही. वाडीतल्या बायका झावळ्यांची झापं विणायच्या. मासळी सुकवायच्या मांडवावर, पावसाळ्यात घराच्या पडवीला तीच झापं. हिरांचे खराटे, सोडणाचा काथ्या, चुलीत करवंट्या, डोक्याला तेल. आमटीत आणि कालवणात नारळ नाही असा दिवस कोणत्याही घरात जात नसे. वादळानंतर गावात पहिल्यांदाच ट्रकने बाहेरचे नारळ आले. वाडीतली एक म्हातारी दुकानात तो नारळ हातात घेऊन किती तरी वेळ हलवत राहिली आणि मग न घेताच घरी गेली.

त्याच पावसाळ्यात कुठल्याशा संस्थेची गाडी आली. गावाने पुन्हा स्वतःच्या नारळावर उभं राहावं, पुढच्या पिढीला सगळं गावातच मिळावं, असं त्यांच्या बॅनरवर लिहिलेलं होतं. रोपं बुटक्या जातीची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पान न् पान टवटवीत. लवकर धरतात, म्हणाले. निवृत्त शिक्षिका म्हणून मला चार शब्द बोलायला लावलं. मी बोलले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. दादा मागे हात बांधून उभे होते. त्यांनी रोप घेतलं नाही.

"का हो दादा?" मी नंतर विचारलं.

"बाई, ही रोपं कुठली, कुणाला ठावं. खाऱ्या वाऱ्यात ह्यांचं काय व्हायचं ते पुढच्या शिमग्याला बघू."

शिमग्यापर्यंत पानांचे शेंडे करपले आणि उन्हाळा सरायच्या आत बहुतेक रोपं वाळून गेली. काही गुरांनी खाल्ली. संस्थेचा माणूस परत आला नाही. मी फोन केला तेव्हा त्यांचं काम दुसऱ्या जिल्ह्यात चालू होतं.

शिमगा झाल्यावर दादा एका सकाळी आमच्या पडवीत येऊन बसले. एवढा वेळ ते कधी बसत नसत. चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बियाणं आपलंच पायजे. त्या वाऱ्यात जे माड उभे राहिले ना, त्यांच्याच नारळाचं. बाहेरचं नको."

"तुम्ही काढून द्याल?"

"काढतो की. रुजवायला जागा तुमच्याकडे हाय. पानी हाय. आनी लोक तुमचं ऐकतात."

लोक तुमचं ऐकतात, हे वाक्य मला फार आवडलं होतं. आता आठवलं की आवडत नाही.

त्या वर्षी त्यांनी गावभर फिरून उभे राहिलेले माड पाहिले. सगळ्यांचेच घेतले नाहीत. बुंधा सरळ, शेंडा गोल भरलेला, म्हातारा नाही आणि अगदी कोवळाही नाही, असे निवडले. बियाण्याचा नारळ वरून टाकायचा नाही, तो आतून दुखावतो, म्हणून ते पेंड, म्हणजे नारळांचा अख्खा घड, तोडून दोरीला बांधायचे आणि हळूहळू खाली सोडायचे. मी खाली उभी राहून गाठ सोडायची. मग प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाहायचा, पाणी वाजलं तरच ठेवायचा. वादळाने कोवळी फळं झडून गेलेली, त्यामुळे पहिल्या वर्षी नारळ कमीच मिळाले. फणसाच्या सावलीत वाफे केले, त्यात ते अर्धेमुर्धे पुरले आणि रोज पाणी घातलं. पावसाळा निम्मा झाला तेव्हा पहिला कोंब दिसला. पांढरा, दाताएवढा. मी धावत वाडीत सांगायला गेले होते. त्या वयात धावले.

मी शाळेच्या सवयीने एक वही केली होती. गावातल्या प्रत्येक घराचं नाव, प्रत्येक घराला दोन रोपं. ज्यांना परसदार नाही त्यांच्यासाठी खाडीच्या बाजूला गावकीच्या जागेत एक रांग. तिथले नारळ सगळ्यांचे. ग्रामसभेत ते मंजूर झालं. पहिल्या वर्षीच्या रोपांतून जेमतेम निम्मी वही भरत होती. उरलेल्या नावांसमोर रिकामी जागा होती आणि रिकामी जागा मला कधीच बघवत नसे. मुलांच्या हजेरीपटातही बघवत नसे.

दुसऱ्या वर्षी बियाणं काढायचे दिवस आले तेव्हा रमजान चालू होता. आम्ही सकाळी लवकर कामाला लागायचो. "तुमचा रोजा हाय, उन्हात उभ्या नका राहू," असं दादा रोज म्हणायचे. आठ-दहा दिवसांत निवडलेले सगळे माड झाले. राहिला होता तो आमच्या आगरातला अगदी कडेचा, पुळणीकडे झुकलेला. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जास्त लागणारा. आदल्या वर्षी त्याच्याच नारळांची रोपं वाफ्यात सगळ्यांत जोरकस आली होती. मनगटाएवढा बुंधा, रुंद पानं.

दादांनी त्याच्या बुंध्यावर कोयत्याच्या मुठीने ठोकलं. कान लावला. मग जरा खाली वाकून बोटाने काहीतरी पुसलं आणि मला दाखवलं. तांबडा, चिकट रस.

"ह्याला यंदा नको हात लावायला."

"का हो?"

"सोंड्या शिरलाय आत." सोंड्या म्हणजे माड आतून पोखरणारा भुंगा. "वाजतोय बघा कसा. पोकळ."

मी वर पाहिलं. "झावळ्या तर हिरव्यागार आहेत."

"दिसतायत खऱ्या."

"दादा, पोखरला असेल तर पुढच्या वर्षी तो असेल कशावरून? मग ह्याचं बी कायमचं गेलं. आणि माझी वही अजून निम्मीच भरलीय."

मी हे चिडून म्हटलं नाही, हट्टानेही म्हटलं नाही. वर्गात हुशार मुलाला समजावून सांगावं तसं म्हटलं. दादांनी पुन्हा वर पाहिलं. पायातलं कडं नीट केलं.

"एवढ्या बारीला चढतो," ते म्हणाले.

दोन पेंडी व्यवस्थित खाली आल्या. दुसऱ्या पेंडीची गाठ मी सोडत होते. गाठ घट्ट बसली होती, मी दातांनी ओढत होते. वरून करकर असा आवाज आला, जुनं दार ढकलल्यासारखा. मी मान वर केली तेव्हा माडाचा अख्खा शेंडा एका बाजूला कलला होता आणि दादांचा हात झावळीच्या देठाला होता. त्यांनी देठ सोडला नाही. सोडून धरणार कशाला होते? शेंडा, नारळ, झावळ्या आणि ते, सगळं एकदम खाली आलं.

ते झावळ्यांवर पडले, म्हणून जीव वाचला असं नंतर डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर होते. डोळे उघडे. मी जवळ बसले तर त्यांनी अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, माझे पाय कुठे हायत?"

पाय जागेवरच होते. मी त्यांवर हात ठेवला होता. त्यांना ते कळत नव्हतं.

मोहल्ल्यातून आणि वाडीतून माणसं धावली. आमच्या घरातलं बाजलं आणून त्यावर त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. तालुक्याला, तिथून रत्नागिरीला, तिथून मुंबईला. कण्याला मार होता. कमरेखालचं परत येणार नाही, असं सगळीकडे सांगितलं.

रत्नागिरीच्या दवाखान्याबाहेर बाकावर वहिनी बसली होती, दादांची बायको. ती वाडीत मासळी सुकवायचं काम करायची. अंगावर कामाचंच लुगडं होतं, बदलायला वेळ मिळाला नव्हता. मी शेजारी बसले.

"तुम्ही खाली होतात ना?" तिने विचारलं.

"होय."

"माड खराब हाय ते त्यांना कळलं नाय? त्यांना?"

मला गप्प राहता आलं असतं. "कळलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, वही पुरी व्हायची आहे."

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आषाढात दादांना घरी आणलं. त्यांचा मुलगा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर, आठवड्याला एकदा यायचा. मी दोनदा त्यांच्या अंगणापर्यंत गेले आणि वहिनीला पाहून परत आले. पहिल्या वर्षीची रोपं लावणीला आली होती. मी त्यांना पाणी घालत नव्हते. पाऊस घालत होता. वही कपाटात होती.

एका सकाळी वहिनी माझ्या मागीलदारी आली. आत आली नाही.

"ते म्हनतायत, रोपं काढा. पाच पानं आली असतील, आता ठेवली तर मुळं वाफ्यात बसतील."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला?" ती म्हणाली. "मला वाटतं ती सगळी चुलीत घालावी. पन त्यांनी सांगितलंय."

आम्ही दोघींनी रोपं काढली. ती फावडं मारायची, मी मातीसकट उचलायची.

दादा ओटीवर बाजल्यावर होते. तिथूनच त्यांनी सगळी लावणी करून घेतली. ज्याला रोप न्यायचं त्याने आधी त्यांच्याकडे जायचं. खड्डा केवढा, तळाला वाळू आणि मीठ कशासाठी तर वाळवी लागू नये म्हणून, नारळ किती पुरायचा आणि कोंबाची मान कशी उघडी ठेवायची, ते प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच सांगत. खाडीजवळच्या रांगेसाठी मोहल्ल्यातले आणि वाडीतले लोक दोन रविवार राबले. रांग कुठवर आली हे दादा येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते.

त्या दिवसांत मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. पडून पडून पाठीला आणि माकडहाडाला जखमा झाल्या होत्या. दर थोड्या वेळाने कूस बदलावी लागे आणि ते एकट्या बाईच्या आवाक्यातलं काम नव्हतं. वहिनीने मला ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. ती खांद्याला धरायची, मी गुडघ्यांना. उचलताना त्या पायांचं वजन मला दर वेळी नव्याने कळायचं. जखमांना वास येई. मी घरी येऊन हात धुतले तरी तो जेवताना नाकाशी असायचा.

एका दुपारी वहिनी मासळीच्या कामाला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "दादा, मी त्या दिवशी बोलले नसते तर तुम्ही चढला नसतात."

मला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. ते म्हणतील, नशिबात होतं. म्हणतील, बाई, मनाला लावून घेऊ नका.

ते कौलांकडे बघत होते.

"होय," ते म्हणाले. "तुम्ही बोललात म्हनून चढलो."

"खोटं कशाला बोलू तुमच्याशी," म्हणून त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की खाडीजवळच्या रोपांना कुंपण झालं का, गुरं सुटायचे दिवस जवळ आलेत. झालं नव्हतं. मी तिथून उठले ती सरळ कुंपणाच्या काट्या गोळा करायला गेले.

दादा दोन वर्षं तसेच होते. शेवटी जखमांचं विष अंगात गेलं. ताप चढला तो उतरेना. पुन्हा दवाखाना, आणि या वेळी तिथून त्यांचा देहच आणला. पाऊस एवढा होता की स्मशानातल्या शेडखाली लाकडं पेटेनात. मोहल्ल्यातल्या चार घरांनी परसदारी ठेवलेली सुकी सोडणं आणि करवंट्या पोत्यांत भरून आणून दिल्या. मी बायकांबरोबर अंगणात थांबले. वहिनी रडली नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती ओटीवर आली, रिकामं बाजलं उचलून भिंतीला उभं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, आता तुम्ही नाय आलात तरी चालेल."

मी महिनाभर गेले नाही. मग जाऊ लागले. ती दार लावून घेत नाही एवढंच.

रोपांचं सांगायचं तर दुसऱ्या वर्षीच्या बियाण्याने वही भरली आणि वर राहिलेली वीस रोपं मी आमच्या आगरात लावली. सगळी जगली नाहीत. परसदारची बरीचशी जगली. खाडीजवळची रांग दुसऱ्या पावसाळ्यात अर्ध्यावर खचली. उधाणाचं पाणी आत आलं, काठ कोसळला आणि चार-पाच रोपं मातीसकट गेली. मागच्या वर्षी धाकटा भाऊ आखातातून आला. त्याने आगरातला आपला हिस्सा एका रिसॉर्टवाल्याला दिला.

"आपा, तिथे आता आहे काय?" तो म्हणाला. "वाळू आणि खुंटं."

"मी लावलेली वीस रोपं आहेत."

"ती दुसरीकडे लाव ना."

चार वर्षांचा माड उचलून दुसरीकडे लावता येत नाही हे मी त्याला सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. जेसीबीने एका दुपारी काम उरकलं. मी घरात होते, आवाज येत होता, मी बाहेर गेले नाही. नंतर जाऊन पाहिलं तर मुळांचे झुबके वर आले होते, पांढरे, ओले. मोठ्या भावाने फोनवर माझी समजूत घातली. माझा हिस्सा मी ठेवला आहे. तो घरालगतचा आहे.

वाफे मी अजून करते. पण बियाण्यासाठी कोणाला माडावर चढवत नाही. आपोआप गळून पडलेले नारळ गोळा करते. उंचावरून पडलेला नारळ आतून दुखावलेला असतो, त्यामुळे निम्मे रुजतच नाहीत. शेजारच्या गावातून रोपं मागायला लोक येतात आणि एवढं थोडंच का, असं विचारतात. मी कारण सांगते, सगळं सांगते. काही जण दुसरा विषय काढतात. गावात आता पाडेली नाही. नारळ उतरवायचे तर तालुक्याला फोन करावा लागतो, आणि त्या माणसाला सवड झाली तर तो येतो.

या उन्हाळ्यात पाणी लवकर आटलं. खाडीजवळच्या उरलेल्या माडांना आम्ही दोघी एक दिवसाआड पाणी घालतो. वहिनी दोन कळश्या घेते, मी एक, माझे गुडघे दुखतात. माड आता आमच्या डोक्यावर गेले आहेत. परवा तिने एका आळ्यात पाणी ओतता ओतता वर पाहिलं.

"बाई, ह्यांना नारळ कधी लागायचे?"

"अजून दोन-तीन वर्षं जातील."

"मग उतरवनार कोन?"

मी माझी कळशी आळ्यात रिकामी केली. तिने दुसरी कळशी उचलली आणि पुढच्या आळ्याकडे गेली.